हाडावर तारीख नसते: मानवी जीवाश्मांची वयं काढण्याची रीत आणि तिच्यातल्या खोड्या

थर_दर_थर

नव्या कवटीची बातमी आली की मथळ्यात वयाचा आकडा असतो आणि खाली पहिला प्रतिसाद ठरलेला: "हाडावर तारीख लिहिली होती का?" प्रश्न खवचट आहे, पण रास्त आहे. हाडावर काहीच लिहिलेलं नसतं. पन्नास हजार वर्षांपलीकडे गेलं की खुद्द हाडाचं वय क्वचितच काढतात. वय निघतं ते हाडाच्या वरच्या, खालच्या किंवा भोवतालच्या थराचं. म्हणजे दर आकड्यामागे दोन वेगळे प्रश्न असतात. थराचं वय बरोबर काढलंय का? आणि हाड खरंच त्याच थराचं आहे का? बातमीत पहिल्याचं अर्धवट उत्तर येतं, दुसऱ्याचं येतच नाही.

पन्नास हजारांची मर्यादा कार्बन-१४ मुळे येते. त्याचं अर्धायुष्य ५,७३० वर्षं. पन्नास हजार वर्षांत मूळच्या सुमारे चारशेव्या भागाइतका कार्बन-१४ उरतो, आणि इतक्या थोड्यात हाताळणाऱ्याच्या बोटाची चरबीसुद्धा घोळ घालते. त्यामुळे लुसी (इथिओपियातल्या हडारचा प्राचीन सांगाडा), केनियातल्या तुर्काना सरोवराकाठच्या कवट्या, मोरोक्कोतल्या जेबेल इरहूदचे अवशेष यांपैकी कशालाही कार्बन डेटिंग लावलेलं नाही. "कार्बन डेटिंगने तीस लाख वर्षं" असं वाक्य दिसलं तर तो लेख तिथेच बंद करावा.

पूर्व आफ्रिकेचं नशीब असं की खचदरीत ज्वालामुखी सतत राख ओतत होते. राखेतल्या पोटॅशियम असलेल्या स्फटिकांत घड्याळ असतं. लुसीचं ३१.८ लाख वर्षं हे वय हडारच्या अशाच एका राखेचं, काडा हडार टफचं आहे (टफ म्हणजे घट्ट झालेली ज्वालामुखीची राख). लुसी सापडली १९७४ मध्ये, हा आकडा पक्का झाला १९९४ मध्ये.

ही रीत कशी फसते आणि कशी सावरते याचा सगळ्यात बोधप्रद नमुना म्हणजे केनियातल्या कूबी फोराचा केबीएस टफ. भूविज्ञान संशोधक के बेरेन्समायर यांच्या नावावरून हे नाव पडलं. इंग्लंडमधल्या फिच आणि मिलर यांच्याकडे राखेचे नमुने गेले. पहिला आकडा आला बावीस कोटी वर्षांच्या आसपास! म्हणजे डायनासोरांच्या काळातला. राखेत जुन्या खडकाचे कण मिसळले होते हे उघड होतं. मग प्युमिसच्या (उद्रेकातून उडालेल्या सच्छिद्र दगडाच्या) खड्यांतले स्फटिक निवडून पुन्हा मोजलं, तेव्हा २६.१ लाख, अधिक-उणे २.६ लाख आलं आणि १९७० मध्ये छापलं गेलं. १९७२ मध्ये या राखेच्या खालून रिचर्ड लीकी यांच्या चमूतल्या बर्नार्ड एनगेनेओ यांना १४७० क्रमांकाची ती प्रसिद्ध कवटी मिळाली. राख २६ लाखांची, तर तिच्या खालची कवटी २९ लाखांची, असा हिशेब मांडला गेला. एवढा मोठा मेंदू इतक्या लवकर म्हटल्यावर सगळी वंशावळ हलली.

ती पुन्हा जागेवर आणली डुकरांनी. डुकरांच्या काही वंशांत शेवटची दाढ काळानुसार लांब होत गेलेली दिसते. बॅझिल कुक यांनी दाखवलं की केबीएस राखेखालची डुकरं इथिओपियातल्या ओमो खोऱ्यातल्या वीस लाख वर्षांच्या आसपासच्या डुकरांशी जुळतात, सव्वीस-एकोणतीस लाखांच्या डुकरांशी नाही. १९७५ मध्ये बर्कलीत गार्निस कर्टिस यांनी मोजलं तर १६ आणि १८.२ लाख असे दोन आकडे आले. शेवटी इयन मॅकडूगल यांनी १९८० च्या सुमारास पोटॅशियम-आर्गॉन आणि आर्गॉन-आर्गॉन या दोन्ही रीतींनी १८.८ लाखांवर आणून ठेवलं. राखेच्या काचेचं रसायन बघून ओमोतला एच-२ टफ आणि हा टफ एकच, हेही जुळलं. वाद मिटायला दहा वर्षं लागली.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे: यंत्र खोटं बोललं नव्हतं. यंत्रात काय घातलं त्याचं वय त्याने सांगितलं.

---

अणुरेणू

उत्तम धागा. एक पुस्ती जोडतो: बावीस कोटीवरून १८.८ लाखांवर येताना नेमकं काय बदललं?

पोटॅशियममध्ये ०.०११७ टक्के पोटॅशियम-४० असतं. अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षं. त्याचा साधारण दहावा हिस्सा आर्गॉन-४० होतो, बाकीचा कॅल्शियम होतो. लाव्हा तापलेला असताना आर्गॉन निसटून जातो, स्फटिक थंड झाला की अडकायला लागतो. आर्गॉन किती साठला आणि पोटॅशियम किती आहे एवढं कळलं की वय निघतं. जुन्या रीतीत नमुन्याचे दोन भाग करत. एकात पोटॅशियम मोजायचं, दुसऱ्यात आर्गॉन. दोन्ही भाग सारखे आहेत असं धरून चालायचं, आणि शेकडो स्फटिक एकदम वितळवायचे. त्यात दोन कण जुन्या खडकाचे निघाले तर सरासरी कामातून गेली, आणि गेली हे कळायचंही नाही.

आर्गॉन-आर्गॉनमध्ये हे असं करतात:

मुठीएवढा प्युमिसचा खडा घ्यायचा, सैल राख नाही. खड्यातले स्फटिक त्याच उद्रेकातले असण्याची शक्यता जास्त असते. सैल राखेत नदीने वाटेतलं काहीही मिसळलेलं असतं. खडा फोडून चाळायचा, पाव ते एक मिलिमीटरचे कण ठेवायचे. पातळ हायड्रोफ्लोरिक आम्लात काही मिनिटं बुडवून अल्ट्रासॉनिक टबात धुवायचे म्हणजे चिकटलेली काच आणि चिकणमाती जाते. मग सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्याने एकेक काचेसारखा स्वच्छ सॅनिडीन (पोटॅशियमयुक्त फेल्डस्पारचा स्फटिक) वेचायचा. दुधाळ, भेगाळलेला किंवा आत ठिपके असलेला कण बाजूला. सगळ्या पद्धतीत कंटाळवाणं काम हेच, आणि आकड्याचा दर्जा इथेच ठरतो.

वेचलेले कण ॲल्युमिनियमच्या चकतीतल्या खळग्यांत ठेवतात. मधूनमधून वय ठाऊक असलेल्या स्फटिकांचे खळगे असतात. बहुधा कोलोराडोच्या फिश कॅन्यन टफचा सॅनिडीन, वय २ कोटी ८२ लाख वर्षं. चकती अणुभट्टीत जाते, मंद न्यूट्रॉन अडवायला भोवती कॅडमियमचं अस्तर. वेगवान न्यूट्रॉनमुळे पोटॅशियम-३९ चं आर्गॉन-३९ होतं. म्हणजे आता पोटॅशियमही आर्गॉनच्या रूपात मोजता येतं, त्याच कणातून, त्याच वेळी. दोन भाग करण्याची भानगड संपली. नमुने काही आठवडे थंड होऊ देतात, मग निर्वातात एकेक स्फटिक कार्बन डायऑक्साइड लेसरने वितळवतात. निघालेला वायू गेटरवरून (नको ते वायू शोषून घेणाऱ्या धातूवरून) शुद्ध करून मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये सोडतात. आर्गॉन-३६ वरून हवेचा आर्गॉन किती मिसळला ते कळतं, कारण हवेत ४० आणि ३६ यांचं प्रमाण २९८.६ असं ठरलेलं आहे.

हाती येतात वीस-तीस स्फटिकांची वीस-तीस वयं. त्यातली बावीस १८-१९ लाखांवर दाटीने बसली आणि तीन कोट्यवधी वर्षांवर गेली, तर ते तीन पाहुणे कोण ते लगेच दिसतं. फिच-मिलरांना ही चैन नव्हती.

बिघडतं कुठे? स्फटिक कुजला असेल तर आर्गॉन झिरपून जातो आणि वय कमी येतं. उद्रेकाच्या वेळी जुना आर्गॉन पूर्ण निघाला नसेल तर वय जास्त येतं. आणि गाळात वाहून आलेल्या राखेत सगळ्यात कमी वयाच्या स्फटिकांचा गट धरायचा असतो, सरासरी नाही. सरासरी काढणारा हमखास फसतो.

---

पाणकावळा

राखेचं ठीक आहे. पण मोरोक्कोत इरहूदला राख कुठे आहे? तिथल्या माणसांचं वय आधी ४० हजार, मग १ लाख ६० हजार, मग ३ लाख १५ हजार. तीन आकड्यांत आठपट फरक. उद्या सहा लाख सांगतील. यावर विश्वास का ठेवायचा?

---

चकमक

@पाणकावळा, तीन आकडे आहेत, पण तीन वेगळ्या दर्जाचे.

पहिला आकडा मोजलेलाच नव्हता. १९६१ मध्ये बॅराइटच्या खाणीत कवटी सापडली, निअँडरथलसारखी वाटली, आणि निअँडरथल म्हणजे ४० हजार असा अंदाज झाला. दुसरा आकडा २००७ चा, एका दाताच्या इनॅमलवरून, १ लाख ६० हजार अधिक-उणे १६ हजार. तिसरा २०१७ चा, चकमकीच्या भाजलेल्या अवजारांवरून, ३ लाख १५ हजार अधिक-उणे ३४ हजार. दुसऱ्या-तिसऱ्यात दुप्पट फरक का पडला ते समजलं की पद्धत समजली.

क्वार्ट्झ, फेल्डस्पार, चकमक, दाताचं इनॅमल, यांच्यावर आजूबाजूच्या मातीतल्या युरेनियम, थोरियम, पोटॅशियमचा किरणोत्सर्ग सतत पडतो. काही इलेक्ट्रॉन स्फटिकातल्या खळग्यांत अडकतात आणि साठत जातात. उष्णतेने किंवा उन्हाने ते मोकळे होतात, पाटी कोरी होते. चकमक चुलीत चारशे अंशांच्या वर तापली की घड्याळ शून्यावर येतं. प्रयोगशाळेत ती पुन्हा तापवली की साठलेली ऊर्जा उजेड होऊन बाहेर पडते आणि एकूण डोस कळतो.

वय = एकूण डोस ÷ दरवर्षीचा डोस.

समजा एकूण २०० ग्रे (ग्रे हे किरणोत्सर्गाच्या डोसाचं एकक) आणि वर्षाला २ मिलिग्रे. वय एक लाख. वर्षाला १ मिलिग्रे निघाला तर तेच दोन लाख. वरचा आकडा प्रयोगशाळेत चांगला मोजता येतो. सगळी गोची खालच्या आकड्याची. तो डोस नमुन्याच्या भोवती तीसेक सेंटीमीटरपर्यंतच्या मातीतून येतो. खोदून काढलेला दात संग्रहालयात असेल तर ती माती गेलेली असते, तिचा अंदाज करावा लागतो. इरहूदला २००४ पासून नव्याने खोदकाम झालं, नवे अवशेष थरातच मिळाले आणि डोसाचा दर जागेवर मोजता आला. तो आधी धरला होता त्यापेक्षा बराच कमी निघाला. जुन्या दाताचा हिशेब नव्या दराने पुन्हा केला तर १ लाख ६० हजारचे २ लाख ८६ हजार झाले. दात तोच होता. भागाकाराचा छेद बदलला.

म्हणून सहा लाख सांगणार नाहीत. चकमक आणि दात अशा दोन वेगळ्या वस्तू अधिक-उणेच्या मर्यादेत आता एकमेकांशी जुळतात.

पाण्याचंही लक्षात ठेवा. मातीत ओल जास्त असेल तर पाणी किरण शोषतं. ओलीचा अंदाज एका टक्क्याने चुकला की वय ढोबळमानाने एका टक्क्याने चुकतं. तीन लाख वर्षांत गुहा किती ओली होती हे आजच्या ओलीवरून धरतात. अधिक-उणेचा मोठा वाटा तिथून येतो.

---

थर_दर_थर

@चकमक, वाळूचं कसं करतात तेही लिहा ना. भारतात भाजलेली चकमक क्वचितच मिळते, वाळू सगळीकडे.

---

चकमक

वाळूला ऊन लागून पाटी कोरी झालेली असते, म्हणून नमुना काढताना ऊन लागू द्यायचं नाही, एवढं एक सूत्र. थराचा उघडा भाग आधी खरवडून ताजा करायचा. पोलादी किंवा जाड पीव्हीसीची नळी आडवी हातोड्याने ठोकायची, दोन्ही टोकं काळ्या प्लॅस्टिकने आणि चिकटपट्टीने बंद. नळी गच्च भरलेली हवी. अर्धी रिकामी राहिली तर प्रवासात दोन्ही टोकांची उजेड लागलेली वाळू मधल्या वाळूत मिसळते. त्याच जागेची माती डोसाच्या दरासाठी वेगळी आणि ओल मोजायला हवाबंद डबीत वेगळी.

प्रयोगशाळेत लाल दिव्यात दोन्ही टोकांची वाळू काढून टाकतात. मधली वाळू हायड्रोक्लोरिक आम्लात (चुना जातो), मग हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये (पालापाचोळा जातो), मग चाळण, मग सोडियम पॉलिटंगस्टेटच्या जड द्रावात क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार वेगळे. क्वार्ट्झ हवं असेल तर ४० टक्के हायड्रोफ्लोरिक आम्लात साधारण पाऊण तास. उरलासुरला फेल्डस्पार आणि कणाची वरची साल त्यात निघून जाते. या आम्लाशी खेळ नाही, कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी असल्याशिवाय बाटली उघडत नाहीत.

क्वार्ट्झचे खळगे दीड-दोनशे ग्रेला भरत येतात, म्हणजे साधारण लाखभर वर्षं. पुढे जायचं तर फेल्डस्पार. त्याची क्षमता जास्त, पण साठलेला उजेड आपोआप गळतो, म्हणून आधी कमी तापमानाला अवरक्त प्रकाश टाकून गळका भाग काढून टाकतात आणि मग जास्त तापमानाला टिकाऊ भाग मोजतात. तमिळनाडूतल्या अत्तिरमपक्कमला शांती पप्पू यांच्या चमूने याच रीतीने मध्य पुराश्मयुगीन अवजारांचं वय ३ लाख ८५ हजार, अधिक-उणे ६४ हजार काढलं, २०१८ मध्ये. खालच्या थरातल्या हातकुऱ्हाडींसाठी तेवढी पोच पुरली नसती. तिथे ॲल्युमिनियम-२६ आणि बेरिलियम-१० (वैश्विक किरणांमुळे क्वार्ट्झमध्ये बनणारे आणि गाडल्यावर घटत जाणारे अणू) वापरून सुमारे १५ लाख वर्षं आली, ते २०११ मध्ये.

अवांतर: महाराष्ट्रात ही वाळूची रीत लंगडते. बसाल्टमध्ये क्वार्ट्झ जवळजवळ नसतं. आपल्या नद्यांत गारगोट्या भरपूर, पण त्या बसाल्टच्या पोकळ्यांत साचलेल्या सूक्ष्मस्फटिकी सिलिकाच्या. ग्रॅनाइटच्या वाळूसारख्या वागत नाहीत. प्रवरा-घोडच्या काठी नळी ठोकणं सोपं, नळीत कामाचे कण मिळणं अवघड.

---

पाणकावळा

छेदाचा मुद्दा पटला. मग महाराष्ट्राचाच प्रश्न. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीवर बोरीला राखेचा थर आणि हातकुऱ्हाडी एकत्र मिळाल्या. राख आहे म्हणजे अणुरेणूंचं स्फटिकाचं घड्याळ चालायला हवं. तरी तिथले आकडे १४ लाख, पावणेसात लाख आणि ७५ हजार असे का?

---

थर_दर_थर

चांगला प्रश्न, आणि आपल्या दाराशीच.

बोरीची राख इथली नव्हे. आपले डेक्कनचे ज्वालामुखी साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थंडावले. ही राख सुमात्रातल्या टोबाची. टोबाचा शेवटचा महाउद्रेक सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीचा. त्याची राख आंध्रात ज्वालापुरमला, सोन खोऱ्यात, नर्मदेकाठी मिळते. पण टोबाचे त्याआधीही मोठे उद्रेक झालेत, एक साधारण आठ लाख वर्षांपूर्वीचा. सगळा वाद बोरीची राख यातली कुठली, हा आहे. पोटॅशियम-आर्गॉनने १९८० च्या दशकाअखेर सुमारे १४ लाख आलं, नंतर आर्गॉन-आर्गॉनने ६ लाख ७० हजार. काचेच्या रसायनावरून काहींनी ती ७५ हजारवाली ठरवली.

राख ७४ हजारांची असेल तर हातकुऱ्हाडींच्या काळाशी तिचा मेळ बसत नाही. अवजारं जुन्या थरातून वाहून आली किंवा राख नंतर घुसली असं म्हणावं लागतं. राख जुनी असेल तर मेळ बसतो. पण मेळ बसतो म्हणून वय बरोबर, हा उलटा तर्क झाला. १४७० च्या कवटीच्या वेळी तोच नडला होता.

---

अणुरेणू

बोरीच्या बाबतीत एक आकडेमोड करून बघण्यासारखी आहे. तिथे असंच घडलं असा दावा नाही. धोका किती मोठा ते कळावं म्हणून.

समजा राख ७५ हजार वर्षांची. तिच्यात डेक्कन बसाल्टचे कण मिसळले, वय ६ कोटी ६० लाख. नमुन्यातल्या एकूण पोटॅशियमपैकी फक्त एक टक्का बसाल्टचं असेल तर:

०.९९ × ७५,००० + ०.०१ × ६,६०,००,००० = सुमारे ७ लाख ३४ हजार.

एक टक्का! पाऊण लाखाचे सव्वासात लाख. दोन टक्के झाले तर १४ लाखांच्या जवळ.

---

पाणकावळा

थांबा, थांबा. पोटॅशियमचा एक टक्का म्हणजे वजनाचा एक टक्का नव्हे. टोबाची काच पोटॅशियमने गच्च, बसाल्टमध्ये ते जेमतेम. वजनाने बरीच जास्त भेसळ लागेल की.

---

अणुरेणू

बरोबर पकडलंत. टोबाच्या काचेत पोटॅशियम ऑक्साइड सुमारे पाच टक्के, डेक्कन बसाल्टमध्ये साधारण अर्धा टक्का. म्हणजे पोटॅशियमचा एक टक्का भरायला वजनाने नऊ-दहा टक्के बसाल्ट लागेल, आणि तेवढं सूक्ष्मदर्शकाखाली दिसायला हवं. पण "दिसायला हवं" आणि "वेचून काढलं" यात फरक आहे. बसाल्टचा कण काळा असतो, सहज काढता येतो. त्यातून सुटलेला फेल्डस्पारचा बारीक पांढरा कण काचेत लपतो. नदीने धुऊन आणलेल्या राखेत तो असतोच.

म्हणून अशा ठिकाणी दुसरा, आर्गॉनशी संबंध नसलेला साक्षीदार शोधतात. पृथ्वीचं चुंबकत्व शेवटचं पालटलं ते सुमारे ७ लाख ७५ हजार वर्षांपूर्वी. राखेखालच्या गाळाचं चुंबकत्व उलटं निघालं तर तो गाळ तरी त्याहून जुना. हे साधन खडबडीत आहे, हो किंवा नाही एवढंच सांगतं, पण भेसळीने फसत नाही. फसतं ते गंजाने: पावसाळ्यात मुरलेल्या लोहाचं नवं चुंबकत्व जुन्यावर चढतं आणि ते उतरवायला नमुना टप्प्याटप्प्याने तापवावा लागतो.

---

नदीकाठचा

नर्मदेचं कुणी काढलं नाही म्हणून लिहितो. ५ डिसेंबर १९८२ ला अरुण सोनाकिया यांना सिहोर जिल्ह्यात हथनोराला कवटीचा उजवा भाग मिळाला. भारतातला आजवरचा सगळ्यात महत्त्वाचा मानवी जीवाश्म. थरातच रुतलेला मिळाला, ही जमेची बाजू. पण थर कसला? गोटे-वाळूचा घट्ट झालेला पुराचा भराव. नदी वरच्या अंगाची जुनी हाडं उकरून नव्या भरावात टाकते. त्याच थरातले प्राण्यांचे दात तपासले तर एका वयाचे निघतीलच याची खात्री नसते, आणि कवटी त्यातल्या कुठल्या दाताची सोबती हे विचारायला साक्षीदार नाही. नर्मदेकाठी टोबाची राख ज्या थरांत मिळते ते याच्याहून नवे, म्हणून ७४ हजारांपेक्षा जुनी हे पक्कं. पुढचे "अडीच लाख", "पाच लाख" हे आकडे वाचताना धागालेखकाचा दुसरा प्रश्न विसरू नये.

हाड थराचंच आहे का याची जुनी कसोटी फ्लोरिनची. जमिनीतलं पाणी हाडात फ्लोरिन भरत जातं, म्हणून एकाच जागी एकाच काळी पुरलेल्या हाडांत ते सारखं हवं. केनेथ ओकली यांनी १९४९ मध्ये इंग्लंडमधल्या पिल्टडाऊनच्या, आदिमानवाची म्हणून मिरवलेल्या हाडांवर हेच केलं आणि १९५३ मध्ये ती लबाडी उघडी पडली. वर्षांत वय मिळत नाही, पण "हे दोघे शेजारी नव्हते" एवढं खात्रीने कळतं.

---

चकमक

+१. आणि नुसत्या रूपावरून वय सांगण्याचा मोह कसा आवरावा याचं ताजं उदाहरण दक्षिण आफ्रिकेतला होमो नलेडी. मेंदू साधारण ५०० घनसेंटीमीटर. २०१५ मध्ये वय न मोजताच जाहीर झाला, तेव्हा वीस लाखांचे अंदाज बांधले गेले. २०१७ मध्ये आकडा आला २ लाख ३६ हजार ते ३ लाख ३५ हजार. गुहेत साचलेल्या चुन्याच्या पापुद्र्यांवर युरेनियम-थोरियम (युरेनियमपासून किती थोरियम झालं ते मोजायची रीत), दातांवर ईएसआर (अडकलेले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात मोजायची रीत). आणि कळीच्या मोजण्या दोन प्रयोगशाळांना एकमेकांचे आकडे न सांगता करायला दिल्या होत्या. ही शेवटची शिस्त सगळीकडे असती तर निम्मे वाद झालेच नसते.

---

सरमिसळ

पन्नास हजारांच्या आतल्या कार्बनचंही एक लिहितो, कारण तिथे सगळं सोपं असतं असा समज होईल.

क्रोएशियातल्या विंडिया गुहेतल्या निअँडरथलांचं वय १९९९ मध्ये २८-२९ हजार आलं. म्हणजे आधुनिक माणूस युरोपात आल्यावरही ते दहा हजार वर्षं टिकले! २००६ मध्ये हाडाचं कोलॅजन (हाडातलं मुख्य प्रथिन) अल्ट्राफिल्टरमधून गाळून घेतलं, ३२-३३ हजार आलं. २०१७ मध्ये कोलॅजनमधलं फक्त हायड्रॉक्सिप्रोलीन हे अमिनो आम्ल वेगळं काढून मोजलं, तर ४० हजारांच्या पलीकडे गेलं. गोष्ट तीच: जितकं साफ कराल तितकं वय वाढतं. पूर्णपणे "मृत" कार्बनात एक टक्का आजचा कार्बन मिसळला तर उत्तर ३७ हजार येतं, खरं वय एक लाख असो की पाच लाख. हाड टिकावं म्हणून जुन्या काळी लावलेला सरस, लाख, वार्निश हीच ती भेसळ. हायड्रॉक्सिप्रोलीन जवळजवळ फक्त कोलॅजनमध्येच मिळतं, म्हणून ते हाडाचंच असण्याची खात्री जास्त. अर्थात सरस प्राण्याच्या हाडाचा असेल तर त्यातही कोलॅजन असतं, तिथे हीही युक्ती चालत नाही.

कोलॅजन एक टक्क्याखाली निघालं किंवा त्यातलं कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण २.९ ते ३.६ च्या बाहेर गेलं तर बरेचसे लोक नमुना फेकून देतात. आपल्या हवेत बहुतेक जुनी हाडं इथेच बाद होतात.

---

गुणसूत्र

दगडांचंच चाललंय, थोडं रेणूंचंही. माकडांपासून वानर, वानरांपासून आपण कधी फुटलो हे जनुकांवरून काढतात त्यालाही हाच आजार आहे.

१९६० च्या दशकात शिवालिकातला रामापिथेकस मानवाचा पूर्वज मानत, वय १ कोटी ४० लाख. १९६७ मध्ये सॅरिच आणि विल्सन यांनी रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाच्या फरकावरून माणूस आणि आफ्रिकी वानर फक्त ५० लाख वर्षांपूर्वी वेगळे झाले असं मांडलं. हाडवाल्यांनी हसण्यावारी नेलं. पुढे पाकिस्तानातल्या पोटवारला शिवापिथेकसचा चेहरा मिळाला, तो ओरांगउटानशी जुळला आणि रामापिथेकसही त्याच गोतात गेला. रेणू जिंकले, पण त्यांचं घड्याळ लावायला मुळात एक जीवाश्मच लागला होता: वानर आणि माकडं तीन कोटी वर्षांपूर्वी फुटली हे गृहीत. टेकू हलला की सगळे आकडे हलतात.

आता हिशेब असा: माणूस-चिंपांझी यांच्या क्रमातला फरक सुमारे १.२ टक्के. दरवर्षी एका अक्षरामागे बदलाचा वेग १ भागिले १०० कोटी धरला तर ०.०१२ ÷ (२ × वेग) = ६० लाख वर्षं. आईवडील आणि मुलांचे जीनोम थेट ताडून पाहिले तर वेग याच्या निम्माच येतो. मग १ कोटी २० लाख. पण जनुकं फुटली ती तारीख प्रजाती फुटल्याच्या आधीची असते, कारण पूर्वजांच्या कळपात विविधता आधीपासूनच असते. कळप ५० हजारांचा आणि पिढी २५ वर्षांची धरली तर २ × ५०,००० × २५, म्हणजे २५ लाख वर्षं वजा. उरतात ९५ लाख. कळप लाखाचा धरला तर ७० लाख. म्हणून "६० ते ९० लाख" अशी सैल उत्तरं छापली जातात. लबाडी नाही, भाजकच तेवढा सैल आहे.

---

पाणकावळा

शेवटचा प्रश्न. इथिओपियातला ओमो-१ आपल्या प्रजातीचा जुना नमुना. त्याचं वय २००५ मध्ये १ लाख ९५ हजार सांगितलं, २०२२ मध्ये २ लाख ३३ हजार. तिथे तर राख आहे, आर्गॉन-आर्गॉन आहे, थरही ठाऊक आहेत. मग?

---

थर_दर_थर

तिथे दोन्ही वेळा घड्याळ ठीक होतं. १ लाख ९५ हजार हे प्युमिसच्या खड्यांचं वय, आणि ते खडे हाडाच्या खालच्या पातळीवरचे धरले होते. हाडाच्या वर केएचएस नावाचा राखेचा जाड थर आहे, तो इतका बारीक की स्फटिकच मिळत नाहीत, म्हणून आर्गॉन लागू नव्हता. २०२२ मध्ये सेलिन व्हिडाल आणि सहकाऱ्यांनी त्याच्या काचेचं रसायन शाला ज्वालामुखीच्या एका उद्रेकाशी जुळवलं आणि त्या उद्रेकाचे स्फटिक ज्वालामुखीजवळून घेऊन मोजले: २ लाख ३३ हजार, अधिक-उणे २२ हजार.

म्हणजे वरचा थर खालच्यापेक्षा जुना! हे शक्य नाही. दोन्ही मोजण्या बरोबर धरल्या तर चूक जोडणीत: प्युमिसचे खडे ज्या थरात होते तो तुटक, भिंगाच्या आकाराचा आहे, आणि तोच हाडाखालून जातो हे गृहीत पुरेसं पक्कं नव्हतं. केएचएसच्या वरच्या आणखी एका राखेचं वय १ लाख ७७ हजार आलं, ते क्रमाने बसतं.

त्यामुळे २ लाख ३३ हजार हे ओमो-१ चं वय नाही. तो राखेच्या खाली आहे, निदान तेवढा जुना. खालून धरणारी राख अजून हवी आहे.